कोणत्या पाण्यावरची दुआ?

हिजरी ७२६ च्या जमादिलावल महिन्याची पहिली तारीख, म्हणजे ५ एप्रिल १३२६. मोरोक्कोतल्या तांजियर गावचा बावीस वर्षांचा एक तरुण हजला निघाला होता. घर सोडून दहा महिने होत आले होते आणि त्या दिवशी तो अलेक्झांड्रियात पोहोचला. पुढची सुमारे तीस वर्षे तो फिरतच राहणार होता, पण हे अजून त्यालाही ठाऊक नव्हते. या इब्न बतूताच्या प्रवासवर्णनात, म्हणजे ‘रिहला’त, अलेक्झांड्रियाच्या प्रकरणात एक लांबलचक दुआ अथपासून इतिपर्यंत उतरवलेली आहे. तिचे नाव ‘हिज्ब-उल-बहर’.

‘हिज्ब’ म्हणजे नेमून दिलेला वाटा, रोजच्या पठणाचा हिस्सा. कुराणाचेही असे साठ हिज्ब मानतात. आज वर्तमानपत्रांत हा शब्द ‘पक्ष’ या अर्थाने भेटतो, तो त्याच धातूतला. ‘बहर’ म्हणजे समुद्र. मराठी गझलकार वृत्ताला बहर म्हणतात, तोही हाच अरबी शब्द. तेव्हा नावाचा अर्थ झाला ‘समुद्राचा वजीफा’, म्हणजे समुद्रासाठी नेमलेले पठण. संकटात, विशेषतः प्रवासाच्या आणि पाण्यावरच्या संकटात, अल्लाहची मदत आणि दया मागण्यासाठी ती आजही म्हटली जाते. तिचा कर्ता शेख अबुल हसन शाजिली. जन्म मगरिबात, म्हणजे आजच्या मोरोक्कोत. हिजरी ६४२ च्या म्हणजे १२४४ च्या सुमारास तो इजिप्तमध्ये स्थायिक झाला आणि ६५६ च्या शव्वालात, १२५८ च्या ऑक्टोबरात, हजच्या वाटेवर वारला.

इथपर्यंत सारे सरळ आहे. प्रश्न निघतो तो साधाच: ही दुआ पहिल्यांदा म्हटली गेली ती कुठे? कोणत्या पाण्यावर?

पहिला साक्षीदार इब्न बतूताच. तो सांगतो की अलेक्झांड्रियात त्याला शेख याकूत हबशी भेटला. याकूत हा अबुल अब्बास मुर्सीचा शिष्य आणि मुर्सी स्वतः शाजिलीचा. मुर्सी १२८७ मध्ये वारला, याकूत १३३२ मध्ये. म्हणजे शाजिलीच्या मृत्यूनंतर अडुसष्ट वर्षांनी त्याची हकीकत सांगणारा माणूस मूळ पुरुषापासून फक्त दोन पायऱ्या दूर होता. अरबी परंपरेत अशा साखळीला ‘सनद’ म्हणतात. आपल्याकडे सनद म्हणजे राजाने दिलेला कागद. तिकडे मात्र माणसामागून माणूस उभा करणे हीच सनद. शब्द एकच, आणि दोन्हीकडे काम पुराव्याचेच.

या साखळीने काय आणले? याकूतने सांगितले ते असे. शेख दरवर्षी वरच्या इजिप्तमार्गे हजला जाई. शेवटच्या वर्षी निघताना त्याने सेवकाला कुदळ, टोपली आणि प्रेताला लावायची सुगंधी द्रव्ये बरोबर घ्यायला सांगितले. कशासाठी, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की हुमैथरात कळेल. हुमैथरा हे ऐजाबच्या वाळवंटातले खाऱ्या विहिरीचे ठिकाण. तिथे शेखने स्नान केले, दोन रकात नमाज पढली आणि शेवटच्या सजद्यात प्राण सोडला.

आता वाचकाने इथे थोडे थांबून मजकूर पुन्हा पाहावा. सनद आहे ती मृत्यूच्या या कथेला. त्यानंतर ‘रिहला’त नवे उपशीर्षक येते आणि दुआ ‘त्याच्या नावावर असलेली’ म्हणून येते. तिला याकूतची सनद जोडलेली नाही. एवढेच म्हटले आहे की शेख दरवर्षी जिद्द्याच्या समुद्रातून जाई, नावेत बसला की रोज ही म्हणे, आणि त्याचे शिष्य आजतागायत रोज म्हणतात. म्हणजे इब्न बतूता दुआचा वापर सांगतो, जन्म सांगत नाही. घाईने वाचणारा कथेची सनद दुआलाही चिकटवून मोकळा होतो.

हा साक्षीदार भरवशाचा किती? हुमैथराच्या बाबतीत बऱ्यापैकी. त्याच वर्षी तो स्वतः तिथून गेला. कबरीवरच्या शिळेवर शेखचे नाव आणि इमाम हसनपर्यंतची वंशावळ कोरलेली पाहिल्याचे तो नोंदवतो. शिवाय आणखी एक गोष्ट सांगतो: तिथे तरस फार, रात्रभर त्यांना हाकलत बसावे लागले, तरीही एकाने त्याच्या सामानातली गोणी फाडून खजुराची पिशवी पळवली आणि सकाळी ती बहुतेक रिकामी सापडली. संतचरित्र रचणाऱ्याला ही पिशवी सुचली नसती. ती मला शिळेइतकीच महत्त्वाची वाटते.

पण चार महिन्यांनी हाच माणूस घसरतो. ९ ऑगस्ट १३२६ ला आपण दमास्कसला पोहोचलो, असे तो स्वतःच लिहितो आणि पुढे धर्मपंडित इब्न तैमियाचे प्रवचन मशिदीत ऐकल्याचे सांगतो. इब्न तैमियाला त्याआधीच, जुलैमध्ये, दमास्कसच्या किल्ल्यात कैद केले होते, आणि १३२८ मध्ये तो तिथेच वारला. म्हणजे प्रवचनाची आठवण ऐकीव असावी किंवा मागाहून जोडलेली. तारीख तपासता येते म्हणून चूक सापडली. जिथे तपासता येत नाही तिथल्या चुकांचे काय, हा प्रश्न मनात ठेवूनच पुढे जायला हवे.

गंमत अशी की हाच इब्न तैमिया या दुआचा दुसरा साक्षीदार आहे, आणि तो विरोधी पक्षाचा. शाजिलीच्या हिज्बांचे खंडन करणारा एक स्वतंत्र ग्रंथ त्याने लिहिला. त्याचा एक आक्षेप दुआच्या सुरुवातीच्या मागणीवर आहे. हालचालीत, स्थैर्यात, बोलण्यात, इच्छेत आणि मनात उठणाऱ्या विचारांतसुद्धा आपल्याला दोषांपासून राखावे, अशी ती मागणी. असे निर्दोषपण सामान्य भक्ताने मागावे का, असा त्याचा रोख. त्याचे म्हणणे पटो न पटो, इतिहासाच्या दृष्टीने त्याची साक्ष सोन्यासारखी आहे. दुआवर ज्याचे प्रेम नाही तो तिचे शब्द समोर ठेवून भांडतो, म्हणजे १३२८ च्या आत ती, खंडन करावे लागेल इतकी, पसरली होती. भक्ताच्या साक्षीने हे इतके पक्के झाले नसते.

तरीही पाणी कोणते, ते सापडलेले नाही. त्यासाठी तिसऱ्या साधनाकडे वळायचे. इब्न सब्बाग याचे ‘दुर्रतुल असरार’ हे शाजिलीचे चरित्र १३२० च्या सुमाराचे, म्हणजे ‘रिहला’पेक्षा पस्तीस वर्षे जुने. त्यातली हकीकत अशी. हजचे दिवस जवळ आले होते. शेखने नाव शोधायला सांगितले, तेव्हा एका ख्रिस्ती माणसाची जुनी नाव तेवढी मिळाली. कैरोहून निघाले तर वारा उलटा. आठवडाभर नाव अशा जागी अडकली की कैरोच्या टेकड्या अजून दिसत होत्या. बरोबरचे लोक टोमणे मारू लागले की शेख म्हणतो हजचा हुकूम झाला आहे, आणि इथे तर दिवस संपत चालले. शेख दुपारी झोपला, उठला, ही दुआ म्हटली आणि नावाड्यांच्या म्होरक्याला शीड सोडायला सांगितले. शीड सोडले तर रात्रीपर्यंत परत कैरोत जाऊन पडू, असे तो म्हणाला. शेवटी शीड सुटले, वारा फिरला आणि नाव निघाली. पुढे नावेवरच्या ख्रिस्ती मंडळींच्या धर्मांतराची कथा येते. ती संतचरित्राच्या ठरीव वळणाने जाते आणि आपल्याला तिचे इथे काम नाही.

कैरोच्या टेकड्या दिसताहेत, म्हणजे हा समुद्र नव्हे. ही नील नदी.

मग नाव ‘समुद्राचा वजीफा’ कसे? उत्तर शब्दकोशात आहे. इजिप्तच्या बोलीत नील नदीलाही ‘बहर’च म्हणतात, आजही. तेव्हा नावावरून निकाल लागत नाही, पण अडथळाही येत नाही.

भूगोल मात्र थोडी मदत करतो. नीलचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे, आणि वारा वर्षाचा बराच काळ उत्तरेचा. म्हणून प्रवाहाविरुद्ध दक्षिणेला जायचे तर शीड सोडायचे आणि उत्तरेला परतायचे तर प्रवाहावर सोपवायचे, हा तिथला नेहमीचा रिवाज. कथेतला म्होरक्या शीड सोडायला घाबरतो, कारण वारा त्याला कैरोकडे परत ढकलेल. म्हणजे नाव दक्षिणेला निघाली आहे आणि वारा नेहमीच्या उलट, दक्षिणेचा आहे. त्या काळी इजिप्तचे हाजी कूसपर्यंत नदीने, तिथून वाळवंटातून ऐजाब बंदराला आणि मग तांबड्या समुद्रातून जिद्द्याला जात. मकरीझी या इतिहासकाराच्या मते हा मार्ग दोनशेहून अधिक वर्षे चालला. याकूतने सांगितलेला ‘वरच्या इजिप्तमार्गे’ जाण्याचा शिरस्ता याच वाटेचा. दोन स्वतंत्र साधने एकाच वाटेकडे बोट दाखवतात, यापेक्षा जास्त काय हवे?

आता उलट पुरावा. सतराव्या शतकातला इस्तंबूलचा ग्रंथसूचीकार हाजी खलिफा, मृत्यू १६५७, आपल्या ‘कश्फुज्जुनून’मध्ये हीच कथा देतो. वारा थांबला, स्वप्नात पैगंबरांनी दुआ शिकवली, वारा आला. पण त्याच्याकडे जागा बदलली आहे. तो म्हणतो हे कुल्झुमच्या समुद्रात, म्हणजे तांबड्या समुद्रात घडले. चार शतकांनंतरच्या या साक्षीचे वजन कमी, हे उघड आहे. पण ती कशी तयार झाली असावी, हे पाहण्यासारखे आहे. वापर समुद्रावरचा, नावही समुद्राचे, त्यामुळे जन्मही समुद्रावर सरकला. माझा कल इब्न सब्बागकडे आहे, आणि त्याचे कारण केवळ त्याचे जुनेपण नाही. भाड्याची जुनी नाव, टोमणे मारणारे सोबती, डोळ्यांसमोरून न हलणाऱ्या टेकड्या हे सारे लहान आणि थोडे लाजिरवाणे आहे. कथा वाहत जाते तसा नदीचा समुद्र होतो. समुद्राची नदी झालेली मी तरी पाहिलेली नाही. अर्थात हा अंदाज. पक्के एवढेच की १२४४ ते १२५८ या चौदा वर्षांतली ही गोष्ट आहे.

दुआच्या शब्दांना साक्षीला बोलावले तर? मूसासाठी समुद्र, इब्राहीमसाठी आग, दाऊदसाठी डोंगर आणि लोखंड, सुलेमानसाठी वारा आणि जिन्न जसे वश केले, तसा ‘हा’ समुद्र आमच्यासाठी वश कर, अशी तिची मध्यवर्ती विनवणी आहे. ‘हा’ म्हणजे समोरचा. पण लगेच ती पृथ्वीवरचे आणि आकाशातले सारे समुद्र, इहलोकीचा समुद्र आणि परलोकीचा समुद्र, यांच्याकडे वळते. पाण्याचा पत्ता विचारावा तर ती सगळीच पाणी कवेत घेते. मधे कुराणातल्या खंदकाच्या लढाईचे, म्हणजे ६२७ सालच्या मदिनेच्या वेढ्याचे शब्द येतात, आणि शत्रूंनी जागच्या जागी खिळून जावे अशी मागणीही येते. वाऱ्यासाठी खोळंबलेल्या प्रवाशाला शत्रू कशाला आठवावेत? रोजच्या पठणात मजकूर वाढत गेला असेल, किंवा मुळातच तो एका नावेपुरता नसेल.

शत्रूवरून एक प्रसिद्ध वाक्य आठवते. ही दुआ बगदादमध्ये म्हटली गेली असती तर ते शहर पडले नसते, असे शाजिली म्हणाल्याचे सांगतात. हाजी खलिफानेही ते नोंदवले आहे. तारखा लावून पाहू. बगदादने मंगोलांपुढे शरणागती पत्करली ती १० फेब्रुवारी १२५८ ला, शाजिली गेला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. म्हणजे वाक्य खरे असेल तर त्याच्या आयुष्याच्या शेवटच्या आठ महिन्यांतले. अशक्य नाही. पण एवढ्या अरुंद फटीत बरोबर बसणारे वाक्य पाहिले की मला ते मागाहून बसवल्याचा संशय येतो.

आता पुन्हा ‘रिहला’कडे, कारण खरी अडचण तिथे आहे. ही दुआ इब्न बतूताने पुस्तकात उतरवली कशी? घरी परतल्यावर मोरोक्कोच्या सुलतानाच्या आज्ञेने त्याने फेसमध्ये आठवणी सांगितल्या. सांगणे संपले ९ डिसेंबर १३५५ ला. इब्न जुझैय या लेखनिक-साहित्यिकाने त्यांना आकार दिला. अलेक्झांड्रियापासून एकोणतीस वर्षे लोटली होती. टिपणे? बुखाऱ्यातल्या कबरींवरचे लेख आपण उतरवून घेतले होते, पण हिंदुस्थानच्या समुद्रात लुटलो गेलो तेव्हा ते गेले, असे तो सांगतो. अलेक्झांड्रियाचा कागद असलाच तर तो तेवढा बचावला असण्याचे कारण नाही. एवढी लांब दुआ पाठ असणे शक्य आहे. रोज म्हणणाऱ्याला असतेच. पण शाजिली मूळचा मगरिबातला, आणि त्याचे हिज्ब फेससारख्या शहरात मिळायला अवघड नसावेत. इब्न जुझैयने हाताशी असलेल्या प्रतीवरून ती उतरवली असावी, असे मला वाटते. सिद्ध करता येत नाही.

कारण नेमका पुरावा अर्धाच उरला आहे. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ‘रिहला’ची जी हस्तलिखिते आहेत त्यांतले एक १३५६ चे, खुद्द इब्न जुझैयच्या हातचे मानले जाते. देफ्रेमेरी आणि सांगिनेत्ती यांनी १८५३ ते १८५८ या काळात चार खंड छापले, तेव्हा ते त्यांच्यासमोर होते. पण त्यात आहे तो दुसरा भाग, सिंधू नदीपासून पुढचा. अलेक्झांड्रिया पहिल्या भागात. म्हणजे ‘हिज्ब-उल-बहर’चा मजकूर नंतरच्या नकलांवर उभा आहे.

त्या जुन्या हस्तलिखिताच्या हद्दीत मात्र दुसरी एक दुआ येते, आणि तिच्यामुळे हा सगळा खटाटोप मला करावासा वाटला. प्रसंग दिल्लीचा. सुलतान मुहम्मद तुघलकाची मर्जी गेलेल्या शेख शिहाबुद्दीनला इब्न बतूता भेटून आला होता. सुलतानाला ते कळले. चार गुलामांचा पहारा बसला, आणि असा पहारा बसलेला माणूस सहसा वाचत नसे. तो दिवस शुक्रवार. अल्लाहने आपल्याला ‘हस्बुनल्लाह’ हे वचन सुचवले, असे इब्न बतूता सांगतो. अल्लाह पुरेसा आहे आणि भार सोपवावा तर त्याच्यावरच, हा त्याचा आशय. कुराणाच्या तिसऱ्या सूरेत ते येते. बुखारीच्या हदीससंग्रहात अशी रिवायत आहे की इब्राहीमने आगीत टाकले जाताना हेच म्हटले होते, आणि शत्रू जमल्याची बातमी आली तेव्हा पैगंबरांनीही. त्या एका दिवसात आपण ते ३३,००० वेळा म्हटले, असे इब्न बतूता लिहितो.

३३,००० म्हणजे किती, ते करून पाहिले. पहाटेपासून रात्रीपर्यंत सोळा तास धरले तर एका पठणाला पावणेदोन सेकंद मिळतात, मध्ये खाणेपिणे नाही, उसंत नाही. भरभर पुटपुटले तर जमते, तेही जेमतेम. नमाजनंतरच्या जपात तेहतीसचा आकडा नेहमीचा. त्याची हजारपट हा मोजलेला आकडा आहे की मनाला साजरा वाटलेला, ते सांगता येत नाही. पण प्रसंग मात्र मला खरा वाटतो. पाच दिवस त्याने फक्त पाण्यावर काढले, रोज एक कुराण पुरे केले. शेख मारला गेला, हा सुटला, आणि सुटल्यावर चाकरी सोडून फकिरांत जाऊन बसला. कृतीचा हा पुरावा आकड्याहून मोठा आहे.

दुसरा प्रसंग १३४२ चा, कोइलजवळचा, म्हणजे आजच्या अलीगढजवळचा. सुलतानाचा वकील म्हणून चीनला निघालेला इब्न बतूता दरोडेखोरांच्या तावडीतून सुटून आठवडाभर रानात भटकला. शेवटी विहिरीपाशी एक काळा माणूस भेटला. हातात काठी आणि पाण्याचे भांडे, खांद्यावर झोळी. त्याने झोळीतून भाजलेले काळे चणे आणि थोडा भात काढून दिला. इब्न बतूताला चालवेना, तेव्हा त्याला खांद्यावर घेतले आणि ‘हस्बुनल्लाह’ म्हणत राहायला सांगितले. म्हणता म्हणता याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा वस्तीजवळ जमिनीवर पडला होता आणि माणूस गायब. त्याने आपले नाव आनंदी हृदय अशा अर्थाचे सांगितले होते, फारसीत दिलशाद. तेव्हा आठवले की इजिप्तमध्ये मुर्शिदी नावाच्या शेखने सोळा वर्षांपूर्वी या दिलशादच्या भेटीचे भाकीत केले होते. भाकीत आणि त्याची पूर्तता, दोन्ही लिहिली गेली ती १३५५ मध्ये, हे वाचकाच्या ध्यानात असेलच.

इथे मला थांबावेसे वाटते. ‘समुद्राचा वजीफा’ अक्षरन् अक्षर पुस्तकात देणारा हा माणूस. पण स्वतःवर बेतले तेव्हा काय म्हटले, हे जिथे तो नाव घेऊन सांगतो, त्या या दोन्ही जागी ती लांब दुआ नाही. आहे ते एका श्वासात मावणारे वचन. दोन्ही संकटे जमिनीवरची होती, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे.

मग पाण्यावरची संकटे पाहू. तोच प्रवास त्याला दौलताबाद आणि नंदुरबारवरून, मराठ्यांच्या मुलखातून, पश्चिम किनाऱ्यावर घेऊन आला. पुढे होनावरच्या सुलतानाने बावन्न जहाजे घेऊन सिंदापूरवर, म्हणजे गोव्यावर स्वारी काढली. जावे की न जावे, हे ठरवायला इब्न बतूताने कुराण उघडून शकुन पाहिला. समोर आली ती जो अल्लाहला साहाय्य करतो त्याला अल्लाह साहाय्य करतो, या अर्थाची आयत. तो गेला. शनिवारी निघून सोमवारी संध्याकाळी गोव्याला पोहोचल्याचे वार त्याने दिले आहेत. दुआ दिलेली नाही.

आणि गोव्याच्या आधी, कालिकत. चीनच्या बादशहासाठी भरलेली जहाजे बंदरात उभी होती. शुक्रवारच्या नमाजसाठी तो किनाऱ्यावर राहिला आणि रात्री वादळ उठले. मोठे जहाज फुटले, त्याचे सामान असलेले दुसरे जहाज शीड सोडून निघून गेले. मुक्त केलेला एक गुलाम बरोबर होता, तोही हे पाहून निघून गेला. काय काय उरले, याची यादी इब्न बतूताने काटेकोरपणे दिली आहे: एका जोग्याने दिलेले दहा दिनार आणि अंथरायची एक सतरंजी.